२००९ साली न पाडलेलं नाणं

(पडद्यावर: अमेरिकन सिल्व्हर ईगल नाण्याची दर्शनी बाजू)

उगवत्या सूर्याच्या दिशेनं चालत निघालेली ही स्वातंत्र्यदेवता. अ‍ॅडॉल्फ वाइनमन या शिल्पकारानं ती १९१६ सालच्या अर्ध्या डॉलरसाठी घडवली होती. सत्तर वर्षांनी, १९८६ मध्ये, अमेरिकेच्या टांकसाळीनं तिला एक औंस शुद्ध चांदीच्या नाण्यावर आणलं. या नाण्याचं नाव सिल्व्हर ईगल. तेव्हापासून त्याचे ग्राहक दोन तऱ्हेचे. एकाला चांदी हवी असते, दुसऱ्याला नाणं.

चांदी हवी असणाऱ्यासाठी बुलियन, म्हणजे गुंतवणुकीसाठीचं साधं नाणं. टांकसाळ ते ठरावीक मोठ्या व्यापाऱ्यांना चांदीच्या भावावर थोडी रक्कम चढवून विकते आणि तिथून ते लोकांपर्यंत पोहोचतं. नाणं हवं असणाऱ्यासाठी प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं नाणं. त्यासाठी नाण्याची कोरी चकती आधी चकचकीत करून घेतात, छाप मारायचा ठसाही पॉलिश करतात. चकती हातानं यंत्रात ठेवतात आणि तिच्यावर एकापेक्षा जास्त वेळा छाप मारतात. मग पार्श्वभूमी आरशासारखी लखलखते आणि आकृती दुधाळ दिसते. मुंबई टांकसाळीचे प्रूफ संच ज्यांनी हाताळलेत, त्यांना हे रूप वेगळं सांगायला नको.

१९८६ ते २००८. सलग तेवीस वर्षं, एकही वर्ष न चुकता, प्रूफ ईगल निघालं. आणि २००९ चं निघालंच नाही.

(पडद्यावर: २००८ च्या वृत्तपत्रांचे मथळे)

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. बँकेतला पैसा सुरक्षित आहे की नाही, या धास्तीनं लोक सोन्याचांदीकडे वळले. २००७ ची बुलियन ईगल सुमारे नव्वद लाख पाडली होती. २००८ च्या नाण्यांचा आकडा दोन कोटींच्या वर गेला, २००९ च्या नाण्यांचा तीन कोटींच्या. दोन वर्षांत तिपटीहून जास्त!

आता टांकसाळ म्हटलं की चांदी वितळवण्यापासून सगळं तिथेच होत असेल, असं आपल्याला वाटतं. ईगलसाठी लागणाऱ्या कोऱ्या चकत्या मात्र अमेरिकेची टांकसाळ बाहेरच्या कंपन्यांकडून विकत घेते. बुलियन असो वा प्रूफ, चकती त्याच मापाची आणि त्याच शुद्धतेची. यंत्रं जादा वेळ चालवता येतील, माणसंही वाढवता येतील. पण चकतीच आली नाही तर छाप मारायची कशावर?

मग आलेल्या चकत्या कोणाला द्यायच्या? याचं उत्तर कायद्यातच होतं. बुलियन ईगल लोकांची मागणी पुरी होईल इतकी पाडलीच पाहिजेत, असं बंधन १९८५ च्या कायद्यानं घातलं होतं. प्रूफसाठी तसं बंधन नव्हतं. म्हणजे बाहेर बुलियनसाठी रांग लागलेली असताना एकही चकती संग्राहकाकडे वळवायची, तर कायदा मोडावा लागला असता.

हे पटायला संग्राहकांना जड गेलं, आणि त्याला कारण होतं. २००९ मध्येच अब्राहम लिंकन यांच्या जन्मद्विशताब्दीचा चांदीचा डॉलर निघाला, पाच लाखांच्या मर्यादेत, आणि बघता बघता संपला. लिंकनसाठी चांदी आहे, मग ईगलसाठी का नाही? पण तो डॉलर ९० टक्के चांदीचा, २६.७३ ग्रॅमचा. ईगल ३१.१ ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध. लिंकनची चकती ईगलच्या कामाची नव्हती. शिवाय लिंकनच्या नाण्यासाठी स्वतंत्र कायदा झालेला होता.

प्रूफ निर्मिती तात्पुरती थांबवली आहे, असं टांकसाळीनं वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच जाहीर केलं. संग्राहक वाट पाहत राहिले. ऑक्टोबरमध्ये घोषणा झाली: या वर्षीचं प्रूफ रद्द. सोन्याच्या ईगलचं प्रूफही त्यात गेलं.

रद्द करण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. प्रूफची किंमत चांदीच्या भावापेक्षा बरीच जास्त ठेवलेली असते. ती मिळकत सोडून टांकसाळीनं कायदा पाळला. पण बुलियनची मागणी ओसरत नाही, हे उन्हाळ्यापर्यंत स्पष्ट झालं होतं. जो माणूस वर्षानुवर्षं एकेक नाणं जोडत आलाय, त्याला स्पष्ट नकार ऐकायला ऑक्टोबर उजाडावा लागला, हे मला आजही खटकतं.

(पडद्यावर: १९८६ पासूनची प्रूफ नाणी ओळीनं)

पुढे एका खासगी टांकसाळीनं अस्सल ईगलवरच नव्यानं ठसा मारून २००९ चं प्रूफसारखं नाणं काढलं. दिसायला देखणं, पण सरकारी नव्हे. ओळ पुरी करायला काहींनी ते घेतलं, काहींनी साधं बुलियन ठेवलं. काहींनी जागा तशीच सोडली, आणि माझं मन या शेवटच्या मंडळींकडे आहे.

डिसेंबर २०१० मध्ये कायदा बदलला. मागणी पुरी होण्यासाठी किती नाणी पुरेशी, हे ठरवायचा अधिकार आता अर्थमंत्र्यांकडे आला. बुलियनला मागणी असतानाही थोड्या चकत्या प्रूफसाठी बाजूला काढण्याची वाट मोकळी झाली.

कायदा बदलून चकत्या मात्र वाढत नाहीत. २०२१ मध्ये मॉर्गन आणि पीस या जुन्या चांदीच्या डॉलरची नव्यानं पाडलेली नाणी निघाली. पुढच्या वर्षीही ती येणार होती. मार्च २०२२ मध्ये टांकसाळीनं ती रद्द केली. महासाथीनंतर पुरवठ्याची साखळी विस्कळीत झाली होती आणि पुन्हा अडचण चांदीच्या चकत्यांपाशीच आली. फरक इतकाच, की या वेळी संग्राहकांना मार्चमध्येच स्पष्ट सांगितलं गेलं. २०२३ मध्ये दोन्ही डॉलर परत आले.