कंपनीतून सुटलेला डेस्कटॉप घरी आणताना

मंडळी, टेबलावर हे जे दोन काळे डबे दिसताहेत, ते दोन्ही डेलचे ऑप्टिप्लेक्स ९०२०. मोठा आहे तो टॉवर, बुटका आहे तो एसएफएफ, म्हणजे स्मॉल फॉर्म फॅक्टर. मॉडेल २०१३ चं, प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा. अशी यंत्रं आज बाजारात ढिगाने मिळतात, कारण कंपन्या ती एकेक करून विकत नाहीत. लीज संपली की अख्खा मजला रिकामा होतो. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. या डब्यांत दोन्ही नाही. ऑफिसच्या हिशेबी हे यंत्र मेलं. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून वापरायला तयार असलेल्या माणसासाठी मात्र ते उत्तम आहे.

‘यात काय काय टाकता येईल?’ हा तुमचा प्रश्न असणार. त्याआधी एक सांगतो. या यंत्रात काय बदलायचं नाही, हे आधी ठरवा. लोकांचे पैसे तिथेच बुडतात.

आपण असेंबल्ड पीसीच्या संस्कृतीत वाढलो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जायचं, एका दुकानातून कॅबिनेट, दुसऱ्यातून बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, तिसऱ्यातून एसएमपीएस म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज देणारा भाग घ्यायचा आणि घरी येऊन जोडायचं. हे जमतं, कारण १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं मानक आणलं. स्क्रूची भोकं कुठे, मागची खिडकी केवढी, एसएमपीएसचा आकार काय, त्याचा प्लग कसा, हे सगळं त्यात ठरलं. डेल, एचपी, लेनोवो यांना ऑफिसच्या यंत्रांत या मानकाची गरज कधीच फारशी वाटली नाही. त्या एकाच मॉडेलची यंत्रं प्रचंड संख्येने बनवतात. काही बिघडलं तर करारातला तंत्रज्ञ येतो, त्याच कंपनीचा तोच भाग बसवतो आणि जातो. तुम्ही-आम्ही दहा वर्षांनी पेचकस घेऊन बसणार आहोत, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

यात एक जुना, खरोखर वाईट किस्सा आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डेलच्या बऱ्याच यंत्रांत एसएमपीएसचा प्लग दिसायला हुबेहूब एटीएक्सचा होता, पण आतल्या तारांची मांडणी वेगळी. बाजारातला साधा एसएमपीएस आणून लावला की प्लग छान बसायचा आणि बटण दाबताच बोर्ड जळायचा. त्यामानाने ९०२० मधला ८ पिनांचा प्लग सज्जनच म्हणायचा. साधा २४ पिनांचा प्लग यात शिरतच नाही. चुकीचं जोडायची सोयच ठेवलेली नाही, आणि मला ते आवडतं.

आता हे ८ पिनांचं प्रकरण नीट बघू. साधा एसएमपीएस ३.३, ५ आणि १२ असे तीन व्होल्टेज बोर्डाला देतो, म्हणून प्लगला एवढ्या तारा. आजच्या पीसीत खरी भूक १२ व्होल्टची असते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही तिथूनच खातात. मग डेलने मुख्य पुरवठा १२ व्होल्टवर आणला आणि बाकीची व्होल्टेज बोर्डावरच तयार केली. एसएमपीएस साधा झाला आणि कमी लोडवर वीज वाया जायची ती कमी झाली. दिवसभर एक्सेल उघडून बसलेल्या ऑफिसच्या पीसीला हाच हिशेब महत्त्वाचा. हार्ड डिस्कची पॉवरही एसएमपीएसमधून येत नाही. ही बघा, बोर्डावरच्या या छोट्या पांढऱ्या कनेक्टरमधून निघते. एचपीने हेच ६ पिनांत केलं. लेनोवोत कुठे १४ पिना, कुठे १०.

गंमत पुढे आहे. २०२० च्या सुमारास इंटेलने एटीएक्स१२व्हीओ नावाचं नवं मानक पुढे केलं. त्यात प्लग १० पिनांचा, पुरवठा फक्त १२ व्होल्टचा आणि डिस्कची पॉवर बोर्डावरून. ज्याला आपण ‘कंपनीचा आडमुठेपणा’ म्हणत होतो, त्याचंच पुढे मानक झालं! बाजाराने ते फारसं उचललं नाही, ही वेगळी गोष्ट.

आता मोह कुठे होतो ते सांगतो. मुलाला गेम खेळायचा असतो, म्हणून ग्राफिक्स कार्ड. दुकानदार विचारतो, ‘एसएमपीएस किती वॅटचा?’ तुम्ही म्हणता २९०. तो हसतो आणि ४५० वॅटचा लोकल एसएमपीएस पुढे करतो. मग तो बसावा म्हणून २४ चं ८ करणारा ॲडॉप्टर. इथे थांबा आणि बेरीज करा. आय५-४५९० या प्रोसेसरचा टीडीपी, म्हणजे भरपूर लोडवर लागणाऱ्या विजेचा ढोबळ आकडा, ८४ वॅट. बोर्डावर कार्ड खोचायच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ३०-४० धरा. बेरीज २०० च्या आसपास. डेलने २९० लिहिलेत ते खरे २९० आहेत. स्वस्त लोकल एसएमपीएसवरचे ४५० किती खरे, हे त्याच्या वजनावरूनही कळतं. हातात धरून बघा कधीतरी.

म्हणजे बंधन वॅटचं नाही, तारेचं आहे. या एसएमपीएसला ग्राफिक्स कार्डासाठीचा ६ पिनांचा प्लगच नाही. म्हणून स्लॉटच्या ७५ वॅटवर भागणारं कार्ड निवडायचं. २०१४ चं जीटीएक्स ७५० टीआय ६० वॅटचं. २०१६ चं १०५० टीआय आणि २०१९ चं १६५० ही ७५ वॅटची, पण घेताना वर ६ पिनांचं सॉकेट नाही ना हे बघून घ्या. काही कंपन्यांनी याच चिपवर ते दिलेलं असतं. एएमडीचं आरएक्स ६४०० हे ५३ वॅटचं, बुटकं आणि दिसायला अगदी आपल्यासाठीच बनवलेलं. पण ते फक्त चार लेनवर, म्हणजे डेटाच्या चारच वाटांवर चालतं. चौथ्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये चार लेन पुरतात, आपला स्लॉट तिसऱ्या आवृत्तीचा, तिथे त्याचा श्वास कोंडतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही. स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या मुलांनी ते घेऊ नये.

आणि हा दुसरा जुगाड, जो मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. साटा पॉवरच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या प्लगमधून ६ पिनांचा प्लग काढून देणारी वायर. साठ-सत्तर रुपयांची वस्तू. साटा प्लगमध्ये १२ व्होल्टच्या पिना तीन, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. म्हणजे साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. ६ पिनांच्या सॉकेटमधून कार्ड ७५ वॅट मागू शकतं. प्लास्टिक वितळलेले असे प्लग दुरुस्तीवाल्यांना विचारा, ते दाखवतील. त्यात आपल्या या डब्यात साटाची पॉवर बोर्डावरून येते. म्हणजे प्लग वाचला तरी बोर्डावरच्या बारीक तांब्याच्या रेषेवर तो सगळा भार. एका डिस्कसाठी काढलेल्या रेषेवर ग्राफिक्स कार्ड चालवायचं नाही.

‘मग ॲडॉप्टर कधीच वापरायचा नाही का?’ असं कुणीतरी चिठ्ठीवर विचारलंय. टॉवरमध्ये वापरता येतो. चांगल्या कंपनीचा एटीएक्स एसएमपीएस त्यात बसतो आणि जाड तारांचा ॲडॉप्टर नीट काम करतो. ॲडॉप्टर मात्र तुमच्याच मॉडेलचा हवा. काही मॉडेलांना, विशेषतः एचपीच्या, पीसी बंद असतानाही १२ च्या आसपास व्होल्ट लागतात. एटीएक्स एसएमपीएस त्या वेळी ५ व्होल्ट देतो, म्हणून नीट बनवलेल्या ॲडॉप्टरवर व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट असतं. नुसत्या तारा जोडलेला स्वस्त ॲडॉप्टर लावला तर बटण दाबल्यावर काहीच होत नाही आणि माणूस बोर्ड गेला समजून रडत बसतो. पण मुळात एवढं करण्याआधी नव्या एसएमपीएसची, ॲडॉप्टरची आणि मोठ्या कार्डाची किंमत एकत्र मांडा. बऱ्याचदा त्या पैशात दोन पिढ्या पुढचं यंत्र येतं.

बुटक्या डब्यात तर हा पर्यायच नाही. एसएमपीएसचा आकार वेगळा, कार्ड अर्ध्या उंचीचं हवं आणि काही एसएफएफ मॉडेलांत स्लॉटला ७५ पेक्षा कमीच वॅट ठरवून दिलेले असतात. मॉडेलचं मॅन्युअल उघडून तेवढी एक ओळ वाचा. खरा निर्णय दुकानात डबा निवडतानाच होतो. कार्ड टाकायचं असेल तर टॉवर घ्या, जागा अडली तरी. फक्त अभ्यास, बँक, व्हिडिओ एवढंच असेल तर बुटका सुंदर.

पंख्याचं थोडक्यात. प्रोसेसरचा पंखा ५ पिनांचा. बाजारातला ४ पिनांचा लावला तर फिरेलही, पण पाचव्या पिनेवरून बोर्ड पंखा ओळखतो. ती ओळख पटली नाही की चालू करताना पंखा बिघडल्याचा इशारा येतो आणि एफ१ दाबायला सांगतो. दर वेळी. पुढच्या पट्टीवरच्या यूएसबी आणि ऑडिओची केबल काढली तरी तेच. म्हणून हा बोर्ड उचलून काचेच्या चमचमत्या कॅबिनेटमध्ये हलवायचा बेत सोडून द्या. मागची पत्र्याची खिडकी मूळ डब्याचाच भाग आहे, पॉवर बटणाचा कनेक्टर वेगळा आहे. तुम्ही हलवाल बोर्ड, पण एफ१ सोबत येईल. जुना पंखा साफ करा, थर्मल पेस्ट नवी लावा, पुरे.

आता ज्यात डोळे मिटून पैसे घालावेत ते. हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी. या एका बदलाने यंत्र ओळखू येत नाही. हलणारा भाग नसल्यामुळे ब्रॅकेट नसलं तरी दुतर्फा चिकटपट्टीने चिकटवा, काही बिघडत नाही. एनव्हीएमई या आणखी वेगवान एसएसडीच्या मागे लागू नका, त्या पिढीतल्या बऱ्याच बायोसना, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरला, त्यावरून बूट करता येत नाही. रॅम साधी डीडीआर३, चार स्लॉट, ३२ जीबीपर्यंत. १६ पुष्कळ झाली. याहून लहान असलेलं मायक्रो मॉडेल घेतलं असेल तर लॅपटॉपची रॅम लागेल, दोनच स्लॉट. आय७-४७९० हा वरचा प्रोसेसर याच सॉकेटमध्ये बसतो आणि त्याचाही टीडीपी ८४ वॅटच, पण तो सगळ्यात शेवटी. आधी एसएसडी.

घेताना दुकानातच एफ२ दाबून बायोस उघडा. पासवर्ड मागितला तर दुकानदाराकडून तिथेच काढून घ्या. या डेलमध्ये पासवर्ड काढायला बोर्डावर पीएसडब्ल्यूडी नावाचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी आहे, नव्या मॉडेलांत प्रकरण इतकं सोपं राहिलेलं नाही. डब्यावरचा सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग डेलच्या साइटवर टाकला की मूळ यंत्रात काय काय होतं ते दिसतं. नसलेली गोष्ट ‘ओरिजिनल’ म्हणून विकली जात असेल तर तिथेच कळेल.

शेवटची चिठ्ठी आहे, ‘एसएमपीएसच उडाला तर?’ याची काळजी करू नका. कंपन्या ही यंत्रं एकगठ्ठा काढतात, त्यामुळे त्याच मॉडेलचे बोर्ड गेलेले डबेही त्याच दुकानदाराकडे पडलेले असतात. एसएमपीएसच्या लेबलचा आजच फोटो काढून ठेवा आणि पार्ट नंबर दाखवून तोच मागा. चार स्क्रू, दोन प्लग, दहा मिनिटांचं काम. चला, आता टॉवरचं झाकण उघडतो, पुढे या बघायला.