ढिगावरून ओळखलेला बुध

(दृश्य : खटाव तालुका, उन्हाळा. विहीर खोदणाऱ्या यारीची बादली वर येते आहे.)

खटावच्या रानात विहीर कुठवर आली हे कळायला आत वाकून बघावं लागत नाही. शेजारचा ढीग बघा. तळाशी माती आणि मुरूम, वर सुरुंगानं फोडलेला काळा पाषाण. जमिनीत जे सगळ्यात खाली, ते ढिगात सगळ्यात वर. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा.

बुधाचा नकाशा करणारेही असेच ढीग वाचतात. तिथं यारी नाही, अशनी आदळतो आणि आतला माल काठावर फेकतो.

(दृश्य : बुधाची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

१९७४ साली मरिनर-१० यानाला बुधावर आघातानं झालेलं एक अवाढव्य खोरं दिसलं, तेही निम्मंच. उरलेलं अंधारात. यान आणखी दोनदा तिथं गेलं, पण ऊन दर वेळी त्याच बाजूला! यानाची सूर्याभोवतीची फेरी १७६ दिवसांची आणि बुधावर एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंतही १७६ दिवसच. हे अख्खं खोरं, नाव कॅलोरिस, दिसायला २००८ उजाडलं. मेसेंजर यानानं दाखवलेली रुंदी सुमारे १,५५० किलोमीटर, महाराष्ट्राच्या पूर्व-पश्चिम लांबीच्या जवळजवळ दुप्पट.

तळ मात्र सपाट. लाव्हा म्हणावा, की आघातानं उडून पडलेला चुरा? शंका उगीच नव्हती. चंद्रावरच्या अशाच सपाटीला लाव्हा समजून १९७२ मध्ये अपोलो-१६ उतरलं, आणि हाती आले आघातांनी फुटून पुन्हा सांधलेले दगड.

बुधावर खोऱ्याच्या आतल्या कडेला ज्वालामुखीची मुखं सापडली, तेव्हा पारडं लाव्हाकडे झुकलं. थर किती जाड, हे मात्र ढिगांनी सांगितलं. लहान विवरांच्या काठावर फक्त वरचा उजळ माल. मोठ्यांनी खालचा काळपट माल उपसलेला. आत्जे हे विवर असंच काळं, रुंदी सुमारे १०० किलोमीटर. (बुधावरच्या विवरांना कलावंतांची नावं देतात. आत्जे छायाचित्रकार होता. कालिदासही आहे तिथं.) किती मोठ्या विवरापासून काळं येतं, हे लावून पाहिलं तेव्हा लाव्हा किमान अडीच किलोमीटर जाड निघाला.

आणि तो काळपटपणा? बहुधा ग्राफाइटचा. शिसपेन्सिलीत असतं ते.