नाळ कापायच्या आधी

(सोनोग्राफीचा पडदा, जवळून)

हे फडफडतंय ते बाळाचं हृदय. छातीत डावीकडे असायला हवं, पण उजवीकडे ढकललं गेलंय. त्याला लागून काळा गोल दिसतो, ते जठर. त्याची जागा खाली, पोटात.

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जोडपं. पहिलंच बाळंतपण. अ‍ॅनॉमली स्कॅन 18 ते 20 आठवड्यांत करायला सांगतात, त्यात हे दिसलं. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, म्हणजे श्वासपटलाला, डावीकडे भोक राहिलंय. डॉक्टर याला डायफ्रॅमॅटिक हर्निया म्हणतात. साधारण अडीच ते चार हजार बाळांत एकाला होतो. पहिल्या तीन महिन्यांत हा पडदा मिटायचा असतो. तो का मिटला नाही, याचं कारण बहुतेक वेळा सापडत नाही. ग्रहणात सुरी हातात घेतल्याने, पपई खाल्ल्याने किंवा जिने चढल्याने हे होत नाही. हे ठासून सांगायलाच हवं, कारण घरोघरी पहिला सवाल आईलाच केला जातो.

(पडद्यावर मापं घेणारा हात)

ही रेघ उजव्या फुप्फुसाची, पुढची डोक्याच्या घेराची. आतडी वर चढली की फुप्फुसांना वाढायला जागा उरत नाही. या दोन मापांवरून ती किती वाढलीत याचा अंदाज बांधतात. यकृतही वर सरकलं असेल तर काळजी वाढते. इथे ते खालीच आहे.

गुणसूत्रांची आणि हृदयाची वेगळी तपासणी झाली. 2021 च्या कायदादुरुस्तीनुसार अशा गंभीर व्यंगात 24 आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, त्यापुढे वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं, हेही दोघांना समजावलं गेलं. त्यांनी बाळ ठेवायचं ठरवलं.

(वाड्याचा चौक. डोहाळजेवण)

हिरवी साडी, फुलांची वाडी, हातात धनुष्यबाण. सासूबाईंनी हट्टाने केलेला सोहळा.

पोटातलं बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू मिळतो वारेतून, नाळेवाटे. म्हणून आत असेतो या बाळाला धाप नाही, घुसमट नाही. खरी परीक्षा नाळ कापल्यावर. त्या पहिल्या काही मिनिटांत काय करायचं हे माहीत असलेली माणसं शेजारी उभी हवीत. इतर बाळांना देतात तसा तोंडावर मास्क धरून श्वास द्यायचा नाही. ती हवा जठरात आणि आतड्यांत भरते आणि फुप्फुसं आणखी दाबली जातात. थेट श्वासनलिकेत नळी घालायची, दुसरी नळी जठरात, मग व्हेंटिलेटर. शस्त्रक्रिया लगेच नाही. आधी बाळ स्थिरावलं पाहिजे.

ही तयारी नसलेल्या ठिकाणी बाळंतपण झालं, तर निळं पडलेलं बाळ रुग्णवाहिकेत घालून धावावं लागतं, आणि आई मागे राहते. आजाराचं निदान चार महिने आधी हातात असताना ही वेळ कुणावर का यावी?

(द्रुतगती मार्ग, गाडीच्या काचेतून)

बडोदा ते अहमदाबाद, 93 किलोमीटर. तारीख जवळ यायच्या आत हा प्रवास झाला, तोही बाळ पोटात सुरक्षित असताना. मुक्काम मणिनगरला मावशीकडे. प्रसूतिगृह, नवजात अतिदक्षता विभाग आणि लहान मुलांचे सर्जन एकाच इमारतीत असतील, असं रुग्णालय त्यांनी आधीच नक्की केलं होतं. स्कॅनचा अहवाल हाती आला त्याच आठवड्यात चौकशी सुरू केली म्हणून हे जमलं. अहवाल कपाटात ठेवून नवव्या महिन्याची वाट पाहणारी घरंही आहेत.

(काचेपलीकडे अतिदक्षता विभाग)

मुलगी झाली. श्वास आणि रक्तदाब स्थिरावल्यावर शस्त्रक्रिया झाली, आतडी खाली आली, भोक शिवलं गेलं. फुप्फुसं फारच लहान असतील तर सगळी तयारी असूनही बाळ वाचत नाही. हिची पुरेशी वाढली होती. आता ती दांडिया बाजारात आहे. दूध उलटणं, वजन आणि ऐकू येणं यांच्या तपासण्या पुढची काही वर्षं चालू राहतील.