सुई टोचायच्या आधी

श्रोतेहो, नमस्कार.

मागाच्या खडखडाटात वाढलेल्या सोलापूरकराला दुखण्याबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही हो डॉक्टर, जरा अवघडलंय." अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एक विणकर असाच आला. सुताचा बीम चढवताना हिसका बसून पाच आठवडे झाले होते आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मलम, मालिश, मेडिकलमधल्या गोळ्या, सगळं झालं होतं. आता शेजाऱ्यानं ॲक्युपंक्चर सुचवलं होतं. "सुया टोचून घेऊ का?"

मी विचारलं, कारखान्यात अपघाताची नोंद केली का? नव्हती केली.

तुम्हाला वाटेल, डॉक्टरला काय करायच्यात या चौकशा? पण तुमच्याकडे ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं, कार्ड असेल तर हिशेब ऐका. साधं आजारपण धरलं तर मजुरीच्या 70 टक्के मिळतात, तेही वर्षाला 91 दिवसांपर्यंतच. तेच दुखणं कामावरच्या अपघाताचं ठरलं तर 90 टक्के, आणि काम जमत नाही तोवर. खांदा तोच, दुखणंही तेच! फरक अपघात वहीत चढला की नाही, याचा. भाकरीची काळजी असलेला माणूस आठव्या दिवशी अर्धवट बऱ्या हातानं मागावर उभा राहतो आणि दुखणं कायमचं करून घेतो.

आता सुयांकडे वळू. त्यांचं आपल्या गावाशी नातं आहे, थोडं आडवळणाचं. 1938 साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत आपले द्वारकानाथ कोटणीस होते. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक तुम्ही पाहिलं असेल. त्याच पथकातले डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि ती विद्या भारतात घेऊन आले. आपल्या महाराष्ट्रात तर या उपचारासाठी 2015 चा स्वतंत्र कायदाही आहे.

उपयोग होतो का? कंबर, मान, गुडघा यांच्या जुनाट दुखण्यात काहींना आराम पडतो, बेताचाच. खऱ्या सुया आणि नुसत्या टोचल्यासारख्या करणाऱ्या खोट्या सुया यांची तुलना केली, तर फरक लहानच निघतो. कुठला उपचार द्यावा हे डॉक्टरांना सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं 2016 मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर नको म्हटलं, 2021 मध्ये मूळ कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी मात्र त्याचा विचार करा म्हटलं. तज्ज्ञांचंही असं मागेपुढे चालतं. मला विचाराल तर दुखणं थोडं कमी झालं की त्या सवडीत हात हलवून घ्यायचा, एवढ्यासाठी सुई कामाची. टोचून घेऊन घरी झोपून राहिलात तर पैसे वाया.

मोडलेलं हाड सुईनं जुळत नाही. धोटा उडून डोळ्याला लागला, बोट फणीत सापडलं, हातापायाला मुंग्या येऊन बधिरपणा आला, तर थेट दवाखाना गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढलेली हवी, आणि छातीपाठीवर टोचणारा नोंदणीकृतच हवा. तिथं सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं.

आमच्या विणकराच्या सोनोग्राफीत खांद्याची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, अर्धवट फाटलेली निघाली. व्यायाम सुरू केले, त्यानं हौसेनं चार वेळा सुयाही घेतल्या. भिंतीवर बोटं चढवत चढवत हात आता कपाळाच्या वर जातो. नोंद तेवढी राहिलीय. मालक म्हणतात, आता तारीख कुठली घालू?