रक्ताचा एक थेंब, दोन मिनिटं

[दृश्य: पहाटेचं शेड, ऊब देणाऱ्या ब्रूडरचा पिवळा उजेड]

तुसावर कोंबडीची पिल्लं एकमेकांना चिकटून उभी आहेत. पंख खाली लोंबलेले, डोळे मिटलेले. एखादं उचलून शेपटीखाली बघा. तिथल्या पिसांवर खडूसारखी पांढरी विष्ठा वाळून घट्ट बसलीय. बॅच टाकून आठवडा झाला नाही, आणि रोज सकाळी पाटीभर मरतूक निघतेय. बघवत नाही.

शेतकरी आधी स्वतःलाच दोष देतो. ऊब कमी पडली का? पाणी खराब होतं का? पण बऱ्याचदा ही पिल्लं अंड्यातूनच आजार घेऊन आलेली असतात.

या आजाराचं नाव पुलोरम, म्हणजे पांढरी हगवण. अमेरिकेत लिओ रेटगर यांनी १८९९ मध्ये त्याचा जंतू ओळखला. साल्मोनेलाच्या कुळातला हा जंतू कोंबडीच्या अंडाशयात ठाण मांडतो. आजारातून वाचलेली तलंग मोठी होते, चरते, अंडी घालते, दिसायला ठणठणीत. तिच्या काही अंड्यांत मात्र जंतू उतरतो. उबवणी यंत्रात अशी अंडी फुटली की उडणाऱ्या लवीबरोबर तो शेजारच्या निरोगी पिल्लांच्याही श्वासात जातो. मग एका कोंबडीचं दुखणं खोक्यांत बसून गावोगाव पोचतं.

औषधानं मरतूक कमी होते, पण जगलेल्या पक्ष्याच्या अंगातून जंतू जाईलच असं नाही. शोध घ्यायचा तो पिल्लांच्या आयांमध्ये, म्हणजे पॅरेंट कळपात.

[दृश्य: पांढरी टाइल, अगदी जवळून]

जांभळ्या अँटिजेनचा, म्हणजे मेलेल्या, रंगवलेल्या पुलोरम जंतूंच्या द्रावणाचा थेंब. पंखाखालची शीर टोचून घेतलेला रक्ताचा थेंब. दोन्ही एकत्र कालवायचे, टाइल हलकेच फिरवायची आणि दोन मिनिटं थांबायचं. थेंब एकजीव राहिला तर कोंबडी परत कळपात. नासलेल्या दुधासारख्या जांभळ्या गुठळ्या दिसल्या तर लागणीचा संशय, ती बाजूला.

एवढी साधी ही तपासणी. हे अँटिजेन बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तयार करते. अमेरिकेनं १९३५ मध्ये पैदाशीच्या कळपांच्या तपासणीची देशव्यापी योजना सुरू केली, आणि तिथल्या व्यावसायिक फार्मवरून पुलोरम जवळजवळ हद्दपार झाला.

पुलोरम माणसाला सहसा बाधत नाही. त्याचा भाऊबंद एंटेरिटिडिस बाधतो, आणि तोही अंडाशयाच्याच वाटेनं अंड्यात शिरतो. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये अंड्यांतल्या साल्मोनेलाबद्दल बोलल्यावर एवढा गदारोळ उठला, की आरोग्य खात्याच्या कनिष्ठ मंत्री एडविना करी यांना पद सोडावं लागलं. पुढं तिथं अंड्यावरच्या कोंबड्यांना लस टोचायला सुरुवात झाली, तेव्हा कुठं रुग्ण झपाट्यानं घटले.

[दृश्य: रिकामं, चुना मारलेलं शेड. शेतकरी फोनवर]

पुढच्या बॅचचं बुकिंग चाललंय. या वेळी दर विचारायच्या आधी तो विचारतो, “पॅरेंट कळपाची पुलोरम तपासणी कधी झाली? रिपोर्ट पाठवता का?”