एल्युसिसची कहाणी आणि तिचे गुपित

अथेन्सच्या वायव्येला सुमारे २० किलोमीटरवर, आजच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांपासून फारशा दूर नसलेल्या एका उतारावर, खडकात कोरलेल्या पायऱ्यांच्या रांगा दिसतात. हे एल्युसिस गावातले, प्राचीन ग्रीकांच्या डीमीटर देवीच्या गुप्त विधींचे दीक्षागृह. शरद ऋतूच्या आरंभी हजारो दीक्षार्थी रात्री येथे जमत, आणि आत जे घडे ते बाहेर सांगणाऱ्याला अथेन्समध्ये देहान्ताची शिक्षा होऊ शके.

कथा मात्र साऱ्यांना पाठ होती. ग्रीकांना एकच असा सर्वमान्य धर्मग्रंथ नव्हता. देव त्यांना भेटत ते कवींच्या तोंडून. होमरच्या नावावर चालत आलेले, पण त्याचे नसलेले एक प्राचीन स्तोत्र सांगते, की फुले वेचणाऱ्या पर्सेफोनीला पाताळाचा स्वामी हेडीस रथातून पळवून नेतो आणि तिची आई, धान्यदेवता डीमीटर, मशाली घेऊन नऊ दिवस निराहार तिला शोधत फिरते. म्हातारीच्या वेषात ती एल्युसिसच्या विहिरीपाशी बसते. राजकन्या तिला घरी नेतात, तरी ती मुकीच राहते. अखेर इआम्बी नावाची स्त्री थट्टामस्करी करून तिला हसवते, आणि देवी मद्य नाकारून जवाचे पीठ, पाणी व रानपुदिना कालवलेले पेय मागते.

आपल्याकडे व्रताला कहाणी असते, तसेच हे आहे. दीक्षार्थी उपास करीत, तेच पेय पिऊन तो सोडीत, हाती मशाली घेत; मिरवणूक वाटेतल्या पुलावर आली, की तेथे बसलेले लोक प्रतिष्ठितांचीही यथेच्छ टवाळी करीत.

पुढे डीमीटर पृथ्वीवर दुष्काळ पाडते. देवांचा राजा झ्यूस नमतो, आणि त्यामागचे कारण मोठे मार्मिक आहे: माणसेच उरली नाहीत, तर देवांना बळी कोण देणार? पर्सेफोनी परत येते, पण तिने पाताळात डाळिंबाचा दाणा खाल्लेला असल्याने वर्षाचा एक तृतीयांश काळ तिला तेथेच काढावा लागतो.

ग्रीक भाषा समजणाऱ्या आणि हातून मनुष्यहत्या न घडलेल्या कोणालाही, स्त्रियांना आणि गुलामांनाही, ही दीक्षा मिळे. परलोकात आपली गती चांगली होईल, अशी त्यांची श्रद्धा होती. गुपित किती जिवापाड जपले जाई, हे इ.स.पू. ४१५ मध्ये दिसले. खासगी मेजवानीत या विधींची नक्कल केल्याचा आरोप सेनापती अल्किबायडीसवर आला आणि, तो पळून गेल्यावर, त्याच्या गैरहजेरीत त्याला मृत्युदंड सुनावला गेला.

चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट थिओडोशियसने जुन्या देवांची पूजा बंद पाडली. तरीही १८०१ मध्ये इंग्रज प्रवासी क्लार्क एल्युसिसला पोचला, तेव्हा गावकरी एका भग्न स्त्रीमूर्तीभोवती शेणखत रचत होते, कारण तिच्यामुळेच शेत पिकते, असे ते मानीत. मूर्ती हलवायला त्यांनी विरोध केला. क्लार्कने सरकारी परवाना मिळवून ती नेलीच. मूर्ती वास्तविक डीमीटरची नव्हती, प्रवेशद्वारावर डोक्यावर पवित्र करंडा पेलणारी ती एक स्तंभकन्या, म्हणजे खांबाच्या जागी उभी केलेली स्त्रीमूर्ती होती. आज ती केम्ब्रिजच्या संग्रहालयात आहे.