वजन झाल्यावरही मासा जगला पाहिजे

[दृश्य: पहाट. केंटकी लेकचा धक्का, पाण्यात उतरायला थांबलेल्या बोटी.]

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात मॅकेन्झी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या बेथेल विद्यापीठात फुटबॉलपटूला शिष्यवृत्ती मिळते, तशीच गळाने बास मासा पकडणाऱ्यालाही मिळते. या पोरांचं मैदान म्हणजे जवळचा केंटकी लेक. टेनेसी नदीवर १९४४ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाचा हा जलाशय जवळजवळ ३०० किलोमीटर लांब आहे.

एका बोटीत दोन विद्यार्थी. दिवसभरात मिळालेले सगळ्यांत वजनदार ५ बास दोघांनी मिळून वजनकाट्यावर ठेवायचे. मासा मेलेला निघाला, तर वजन कापलं जातं. अलाबामातले विमा एजंट रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये अशा स्पर्धा सुरू केल्या, तेव्हा मासा जिवंत परत सोडायची रीत नव्हती. ‘पकडलेला मासा मारू नका’ ही मोहीम त्यांनीच १९७२ मध्ये काढली. आज कॉलेजच्या कोचला जे शिकवावं लागतं, त्यातलं निम्मं तरी तिथून आलं आहे.

[दृश्य: बोटीतल्या टाकीचं झाकण उघडतं. आत दोन मासे.]

पकडलेले मासे जिवंत ठेवायची ही बोटीतली टाकी, लाइव्हवेल. नवखा मुलगा आमिषाच्या रंगावर तासभर बोलेल, या टाकीकडे मात्र पाहणार नाही. म्हणून चांगला कोच इथूनच सुरुवात करतो. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. आणि पाणी तापलं की माशाला प्राणवायू जास्त लागतो. ५ मोठे मासे दुपारच्या उन्हात एका टाकीत असतील, तर पंप सतत चालू हवा. गोठवलेल्या पाण्याची बाटली आत सोडायची, सुटा बर्फ नाही, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ल्यांना सोसत नाही. आणि टाकी जलाशयापेक्षा ५-६ अंशांहून जास्त थंड करायची नाही.

हात ओले करूनच मासा धरायचा, अंगावरचा बुळबुळीत थर निघता कामा नये. मोठा मासा नुसत्या जबड्याला धरून आडवा करायचा नाही, पोटाखाली दुसरा हात द्यायचा. खोल पाण्यातून वर ओढलेल्या माशाचं वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फुगतं, तो उलटा तरंगतो. त्या वेळी काय करायचं, हे धक्क्यावरच शिकून घ्यावं लागतं. स्पर्धेच्या दिवशी कोच बोटीत नसतो.

वरवर ठीक दिसत पोहत गेलेला मासा नंतर मरू शकतो. काटा ते सांगत नाही. दंडही फक्त काट्यावर मेलेल्याचा बसतो. उरलेलं सगळं मुलाच्या मनावर आहे.

[दृश्य: उथळ पाणी, तळाशी साफ केलेला गोल खळगा, वर घिरट्या घालणारा नर.]

वसंतात बासचा नर असं घरटं करतो आणि अंड्यांची राखण करतो. त्याला उचलून नेलं की ब्लूगिलसारखे छोटे मासे बघता बघता अंडी फस्त करतात. कॉलेजच्या बऱ्याच स्पर्धा नेमक्या याच दिवसांत असतात.

केंटकी लेकवर आणखी एक संकट आहे आणि ते आपल्या ओळखीचं आहे. महाराष्ट्रात कटला-रोहूबरोबर तळ्यांत सोडतात तो चंदेरा, सिल्व्हर कार्प. १९७० च्या दशकात अमेरिकेत तो तळी स्वच्छ करायला आणला, पुरांतून नद्यांत निसटला. तो खातो ते प्लवक, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. बासच्या पिल्लांचं आणि बास ज्यांच्यावर जगतो त्या शॅड माशांचंही पहिलं अन्न तेच. शेजारच्या बार्कली धरणाच्या जलपाशात, म्हणजे बोटी धरण ओलांडतात त्या दारांच्या कप्प्यापाशी, त्याला अडवायला २०१९ मध्ये आवाज, बुडबुडे आणि प्रकाशाचा पडदा बसवला गेला.

[दृश्य: बोटीत मासा तोलला जातो आणि लगेच पाण्यात सोडला जातो.]

‘मेजर लीग फिशिंग’च्या व्यावसायिक ‘बास प्रो टूर’ स्पर्धांमध्ये मासा बोटीतच तोलून तिथल्या तिथे सोडतात. विणीच्या महिन्यांत कॉलेजच्या स्पर्धांनीही हीच पद्धत घ्यावी, असं आम्हाला ठामपणे वाटतं. मंचावर मासा उंचावायचा क्षण हुकेल आणि प्रायोजकांना तो हवा असतो, हे खरं आहे. पण नर अंड्यांपाशी परतायचा असेल, तर काही मिनिटांतच परतला पाहिजे. संध्याकाळी कित्येक किलोमीटर दूरच्या धक्क्यावर सोडून त्याचा उपयोग नाही. ही मागणी आयोजकांपुढे सर्वांत आधी कोचनीच मांडायला हवी.